छोट्या आफ्रिकी कुरंगांसाठी खास काडतुसं: ऑर्डर देण्याआधी काय काय ठरवावं

आफ्रिकेत शिकारीला जाणारा माणूस रायफल निवडतो ती कुडू, गेम्सबॉक अशी मोठी कुरंगं किंवा म्हैस डोळ्यांसमोर ठेवून. .३०० विंचेस्टर मॅग्नम नाहीतर .३७५ घेऊन तो उतरतो (हे आकडे कॅलिबरचे, म्हणजे नळीच्या व्यासाचे, इंचात). मग दोन दिवसांनी मोठ्या जनावराच्या मागावर असताना गवताच्या कडेला एक स्टीनबॉक उभा दिसतो. वजन जेमतेम अकरा किलो, छातीची जाडी वीतभरही नाही. मॅगझीनमधली मऊ टोकाची गोळी त्यावर सोडली तर जनावर जागीच पडतं, पण दुसऱ्या बाजूला कातडं शिल्लक राहत नाही आणि मांसही बहुतेक फुकट जातं.

मऊ टोकाच्या एकाच गोळीत गेम्सबॉक आणि डिकडिक दोन्ही नीट बसत नाहीत. त्यामुळे छोट्या कुरंगांसाठी वेगळी काडतुसं भरून घेणं हा काही शौकीनांचा चोचला नाही. पण लोडरकडे, म्हणजे काडतुसं भरून देणाऱ्याकडे, जाऊन नुसतं ‘लहान हरणासाठी काहीतरी द्या’ म्हणून भागत नाही. काय मागायचं, कशासाठी मागायचं आणि हातात आलेला माल कसा तपासायचा, हे या लेखात क्रमाने सांगतो.

एक खुलासा आधीच केलेला बरा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि इथलं भेकर, चौशिंगा, पिसोरी यांच्याशी या लेखाचा काही संबंध नाही. हे सगळं दक्षिण आफ्रिका आणि नामिबियात परवाना काढून होणाऱ्या कायदेशीर शिकारीबद्दल आहे. तिथे राहणारे आणि आखाती देशांतून किंवा अमेरिकेतून तिथे जाणारे मराठी नेमबाज आहेत, त्यांच्यासाठी हा लेख.

आधी जनावर ठरवा

दक्षिण आफ्रिकेतले शिकारी दहा छोट्या कुरंगांच्या गटाला ‘टायनी टेन’ म्हणतात. ब्लू डायकर, रेड डायकर, कॉमन डायकर, सुनी, दमारा डिकडिक, स्टीनबॉक, केप ग्रिसबॉक, शार्प्स ग्रिसबॉक, क्लिपस्प्रिंगर आणि ओरिबी. नावं एका दमात घेतली तरी काडतुसाच्या दृष्टीने ही सगळी एका माळेतली नाहीत. ब्लू डायकर चार किलोच्या आसपास असतो, सुनी आणि डिकडिक पाच किलोच्या. स्टीनबॉक आणि क्लिपस्प्रिंगर दहा-बारा किलोचे. कॉमन डायकर आणि ओरिबी पंधरा-अठरा किलोपर्यंत जातात. म्हणजे या गटातलं मोठं जनावर लहानाच्या चौपट भरतं.

वजनाइतकंच महत्त्व आहे ते जनावर कुठे आणि किती अंतरावर भेटतं याला. ब्लू डायकर क्वाझुलू-नाताल आणि ईस्टर्न केपच्या किनारी जंगलात गच्च झाडीत राहतो. तिथे वीस-तीस मीटरांच्या पलीकडे दिसत नाही, आणि बरेच स्थानिक लोक त्याच्यासाठी कुत्रे आणि छर्‍याची बंदूकच वापरतात. तुमचा आउटफिटर (शिकारीची सगळी व्यवस्था करणारा) त्याच पद्धतीने शिकार करणार असेल तर रायफलच्या काडतुसांचा विषयच उरत नाही, हे आधी विचारून घ्या. सुनीची गत साधारण अशीच. स्टीनबॉक मोकळ्या माळावर ऐंशी ते दीडशे मीटरांवर उभा राहून तुमच्याकडे बघत राहतो. केप ग्रिसबॉक मुख्यतः रात्री हिंडतो, द्राक्षमळ्यात कोवळे कोंब खायला येतो, आणि रात्रीच्या शिकारीला वेगळी परवानगी लागते.

क्लिपस्प्रिंगरबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण काडतूस निवडताना सगळ्यात जास्त फसगत याच्याच बाबतीत होते. हा खडकाळ टेकड्यांवर खुरांच्या टोकांवर उभा असतो. त्याचे केस आतून पोकळ, जाड आणि ठिसूळ असतात आणि हात लागला तरी मूठभर निघून येतात. गोळीच्या धक्क्याने जखमेभोवतीचे केस उडतात, जनावर खडकावरून घरंगळलं की आणखी उडतात, मग कुणी पाय धरून ओढलं की उरलेसुरलेही जातात. इतर कुरंगांचं कातडं टॅक्सिडर्मिस्ट (मेलेलं जनावर भरून जिवंतासारखं उभं करणारा) शिवून घेतो, भोवतीच्या केसांखाली टाका लपतो. क्लिपस्प्रिंगरच्या कातड्यावर टक्कल पडलं की ते लपवता येत नाही. शिवाय इतकी लहान जनावरं बहुतेक वेळा अख्खी भरून घेतात, नुसतं डोकं-खांदा नव्हे. त्यामुळे गोळी बाहेर पडली ती बाजू भिंतीकडे करून मोकळं होता येत नाही. क्लिपस्प्रिंगर यादीत असेल तर बाकी सगळे निर्णय त्याला धरून घ्या.

ओरिबी दक्षिण आफ्रिकेच्या लाल यादीत धोक्यातल्या प्रजातींमध्ये आहे आणि त्याच्यासाठी वेगळ्या परवान्याचा सोपस्कार असतो. ब्लू डायकर साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे कातडं देशाबाहेर न्यायला त्याचे कागद लागतात. आउटफिटर ‘होऊन जाईल’ म्हणाला तरी परवान्याचा कागद आधी डोळ्यांनी बघा, काडतुसांना पैसे नंतर द्या.

कायद्याची खालची मर्यादा

नामिबियात गोळीच्या नळीतोंडाच्या ऊर्जेवर कायद्याने खालची मर्यादा घातली आहे. स्प्रिंगबॉक, डायकर अशा लहान जनावरांसाठी १३५० ज्यूल, कुडू, गेम्सबॉक, ईलंड यांच्यासाठी २७०० ज्यूल आणि म्हैस, हत्तीसाठी ५४०० ज्यूल. लहान जनावरांचा पहिला आकडा ऐकून बरेच जण चकित होतात, कारण त्यात .२२ हॉर्नेट बसत नाही. ४५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी २६९० फूट प्रति सेकंदाने सुटली तर ऊर्जा भरते ९८० ज्यूल. डिकडिकसाठी हॉर्नेट पुरेसं आहे असं कुणाचं कितीही मत असलं तरी तिथला कायदा नाही म्हणतो. .२२२ रेमिंग्टन ५० ग्रेन आणि ३१४० फूट वेगाला १४८० ज्यूलच्या आसपास जातं, .२२३ रेमिंग्टन ५५ ग्रेनला १७४० च्या आसपास. दोन्ही चालतात.

हा हिशेब काडतूस सौम्य करून घेताना फार कामाचा आहे. .२२२ चा वेग तुम्ही ‘कातडं वाचावं’ म्हणून २९०० फुटांवर आणलात की ऊर्जा १२६६ ज्यूलवर उतरते आणि तुम्ही मर्यादेखाली जाता. लोडरला नामिबियासाठी माल हवा आहे हे स्पष्ट सांगा आणि त्याच्याकडून मोजलेला वेग लिहून घ्या.

दक्षिण आफ्रिकेत प्रांतागणिक नियम बदलतात. लिंपोपोचा अनुभव ईस्टर्न केपमध्ये लागू पडेलच असं नाही. हे काम आउटफिटरचं आहे, पण विचारायचं काम तुमचं.

वेग आणि गोळीची बांधणी

छोट्या कुरंगाच्या बाबतीत ताकद कमी पडण्याची भीती जवळजवळ नसतेच. कॅलिबरवरून तासन्‌तास वाद घालणाऱ्यांचं मला म्हणूनच नवल वाटतं. जखम किती मोठी होणार हे दोन गोष्टींवर ठरतं, गोळी आदळताना तिचा वेग किती आहे आणि ती आत गेल्यावर कशी वागते. कॅलिबर त्यानंतर येतं.

सगळ्यात वाईट जोडी म्हणजे प्रचंड वेग आणि ठिसूळ गोळी. .२२-२५० मधून ३८०० फुटांनी सुटणारी हॉर्नाडी व्ही-मॅक्स ही प्रेअरी डॉगसारख्या उपद्रवी प्राण्यांसाठी बनलेली गोळी आहे, आत शिरताच तिचा चुरा व्हावा म्हणूनच ती तशी घडवलेली असते. काही शिकारी ती डिकडिकवर वापरतात आणि छान छान सांगतात. बरगड्यांमधून नेमकी आत गेली, आतच फुटली, बाहेर पडली नाही, तर कातड्याला एकच टाचणीएवढं भोक पडतं हे खरं. पण तीच गोळी दोन बोटं पुढे खांद्याच्या हाडावर बसली की वरच्या वर फुटते, मूठभर खड्डा पडतो आणि फुप्फुसापर्यंत काही पोचतच नाही. जनावर तीन पायांवर पळतं. असला जुगार जिवंत प्राण्यावर खेळू नये, असं माझं मत आहे.

साधी मऊ टोकाची गोळी, म्हणजे तांब्याच्या पातळ आवरणात शिशाचा गाभा, मध्यम वेगात चांगलं काम करते. .२२२ किंवा .२२३ मध्ये ५५ ग्रेनची मऊ टोकाची गोळी स्टीनबॉक आणि डायकरसाठी वर्षानुवर्षं चालत आलेली आहे. .२४३ घेत असाल तर त्या कॅलिबरची हलकी, वेगवान ५८-७० ग्रेनची गोळी टाळून १०० ग्रेनची घ्या. ऐकायला उलटं वाटतं. लहान जनावराला जड गोळी कशाला? कारण जड गोळी हळू जाते, तिची बांधणी मोठ्या हरणाच्या हिशेबाने केलेली असते, आणि अकरा किलोच्या जनावरात पूर्ण उमलायला, म्हणजे टोक पसरून रुंद व्हायला, तिला जागाच मिळत नाही. ती थोडी उमलते आणि पलीकडे निघून जाते.

हेच तत्त्व पुढे नेलं की जोडीव (शिसं आवरणाला पक्कं चिकटवलेल्या) किंवा मधे भिंत घालून विभागलेल्या गाभ्याच्या आणि अखंड तांब्याच्या गोळ्यांपर्यंत आपण येतो. १९४८ पासून बाजारात असलेली नॉस्लर पार्टिशन, स्विफ्ट ए-फ्रेम, बार्न्सची टीएसएक्स, दक्षिण आफ्रिकेतल्या पेरेग्रीनच्या गोळ्या. या सगळ्या मोठ्या जनावरासाठी, खोल जाण्यासाठी बनल्या आहेत, आणि म्हणूनच लहान जनावरात त्या सभ्यपणे वागतात. .३०८ मधली जोडीव गोळी मध्यम वेगात स्टीनबॉकमधून गेली तर दुसऱ्या बाजूला साधारण अंगठ्याएवढं भोक पडतं. तेवढं शिवता येतं. तीच गोळी .३०० मॅग्नममधून ३००० फुटांनी पन्नास मीटरवर मारली तर मात्र बांधणी कितीही पक्की असो, वेगच नुकसान करतो.

मग येते सॉलिड, न उमलणारी गोळी. मोठ्या कॅलिबरची रायफल हातात असताना लहान कुरंग मारायची ही जुनी आफ्रिकी रीत आहे. .३७५ मधून ३०० ग्रेनची सॉलिड २५३० फुटांनी डायकरमधून गेली तर आत जाताना आणि बाहेर पडताना जवळपास सारखंच, गोल, छोटं भोक पडतं. ज्या रायफलने म्हैस मारतात तिनेच चार किलोच्या ब्लू डायकरचं कातडं वाचतं, यावर नवख्याचा विश्वास बसत नाही.

सॉलिड मागताना चपट्या नाकाची, एकाच धातूत घडवलेली मागा. चपटं नाक सरळ रेषेत जातं आणि टोकदार किंवा गोल नाकापेक्षा आतल्या अवयवांवर जास्त परिणाम करतं. लष्करी पद्धतीची टोकदार, पूर्ण आवरणाची लहान गोळी ही सॉलिडची स्वस्त आवृत्ती नव्हे. ती आत गेल्यावर आडवी होते, कधी तुकडे होतात, कधी सुईसारखी आरपार जाते आणि जनावर काही झालंच नाही असं पळून जातं. पोकळ टोकाच्या मॅच (नेमबाजी स्पर्धेच्या) गोळ्यांचंही तेच. कागदावर त्या सुंदर गट देतात, म्हणजे भोकं जवळजवळ पाडतात, पण अंगात शिरल्यावर काय करतील याचा भरवसा नाही.

सॉलिडचा एक धोका लोक हलक्यात घेतात. .३७५ च्या त्या गोळीत सुटताना ५७८० ज्यूल असतात आणि डायकर त्यातला अगदी थोडा हिस्सा शोषून घेतो. उरलेलं सगळं घेऊन गोळी पुढे जाते. मागे मातीचा चढ नसेल, दुसरं जनावर असेल किंवा क्लिपस्प्रिंगरच्या टेकडीवर नुसता खडक असेल, तर ती कुठे उसळून जाईल सांगता येत नाही. खडकाच्या पार्श्वभूमीवर सॉलिड मारू नका. क्लिपस्प्रिंगरसाठी म्हणूनच मी मध्यम वेगाच्या जोडीव गोळीला पहिली पसंती देईन, हातात .३७५ असली तरी.

गोळी ठरली की नेम ठरतो

लोडरच्या दुकानात हे कुणी सांगत नाही. मऊ टोकाची गोळी असेल तर खांद्याच्या हाडापासून दूर राहायचं, पुढच्या पायाच्या मागच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर नेम धरायचा. हाड लागलं नाही तर मांस आणि कातडं दोन्ही वाचतात. सॉलिडने नेमकं याच जागी मारलं आणि गोळी फक्त फुप्फुसातून गेली, तर जनावर शंभर मीटर पळू शकतं. दाट झाडीत सुनी शंभर मीटर पळाला म्हणजे तो सापडेलच असं नाही. सॉलिडचा नेम म्हणून पुढे, खांद्याच्या हाडावर आणि हृदयाच्या वरच्या बाजूला धरायचा. सॉलिड खांदा मोडते पण चिंधड्या करत नाही, त्यामुळे जनावर जागीच बसतं आणि नुकसानही मर्यादित राहतं.

यातून ऑर्डरचा निर्णय बराच सोपा होतो. मागच्या रेषेवर मारायची सवय पक्की असेल तर सौम्य, उमलणारी गोळी घ्या. रायफल मोठी आहे आणि खांद्यावर मारायची तयारी आहे, तर सॉलिड.

सौम्य काडतूस मागताना

.३०८ किंवा .३०-०६ असणारे बरेच जण वेग उतरवलेलं काडतूस मागतात, १८०० फुटांच्या आसपास. कल्पना चांगली आहे, पण दोन गोष्टी माहीत हव्यात. बहुतेक उमलणाऱ्या गोळ्यांना आदळताना साधारण १८०० फूट वेग लागतो, अखंड तांब्याच्या गोळ्यांना त्याहून थोडा अधिक. नळीतोंडाशीच १८०० असेल तर शंभर मीटरवर ती गोळी उमलणार नाही, म्हणजे तुम्ही नकळत सॉलिडच मारत आहात, तीही टोकदार. लोडरकडून कमी वेगात उमलेल अशी मऊ गोळीच घ्या, नाहीतर सरळ २४००-२५०० फुटांवर थांबा.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. मोठ्या खोक्यात (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात) दारू नुसती कमी करत गेलं की दाब कमी होत जातो असं नाही. काही सावकाश जळणाऱ्या दारू फार कमी भरल्या तर दाब अचानक धोकादायक पातळीवर चढू शकतो, किंवा उलट गोळी नळीतच अडकते. हा प्रयोग घरी करू नका. परवानाधारक, दाब आणि वेग मोजणाऱ्या लोडरकडूनच असं काडतूस घ्या. दक्षिण आफ्रिकेत स्वतःच्या परवान्याच्या बंदुकीसाठी स्वतः भरणं वेगळं आणि दुसऱ्याला विकणं वेगळं, विकायला वेगळा परवाना लागतो. ‘माझा मित्र भरून देतो’ हा मार्ग सोडा.

लोडरला द्यायचा कागद

ऑर्डर फोनवर देऊ नका, कागदावर द्या. माझ्या मते त्यावर काय असावं ते एका उदाहरणाने दाखवतो. समजा .३७५ होलंड अँड होलंड घेऊन नामिबियात गेम्सबॉक, कुडू आणि सोबत स्टीनबॉक, डायकर असा बेत आहे.

रायफलचं कॅलिबर, नळीची लांबी, आट्यांचा वळसा (नळीच्या आतल्या चक्राकार खाचा किती इंचांत एक फेरा घेतात). मॅगझीनमध्ये बसणारी काडतुसाची जास्तीत जास्त लांबी, कॅलिपरने मोजून. मोठ्या जनावरासाठी ३०० ग्रेनची जोडीव मऊ गोळी, छोट्यासाठी ३०० ग्रेनची चपट्या नाकाची सॉलिड. दोन्ही गोळ्या माझ्या रायफलमधून शंभर मीटरवर एकमेकींपासून तीन सेंटिमीटरच्या आत पडाव्यात. दोन्ही गोळ्या खोक्यात घट्ट आवळलेल्या हव्यात. वापर ३५ ते ४० अंश तापमानात. मोजलेला वेग लेबलवर लिहावा.

यातली ‘एकमेकींपासून तीन सेंटिमीटर’ ही ओळ सगळ्यात मोलाची, आणि खास काडतुसाला जास्त पैसे मोजायचे ते हिच्यासाठी. तयार डब्यातली मऊ गोळी आणि दुसऱ्या कंपनीची सॉलिड एकाच ठिकाणी पडतील ही लॉटरी आहे. चांगला लोडर दारू आणि गोळीची खोली बदलत दोन्ही जुळवून देतो, म्हणजे स्टीनबॉक समोर आल्यावर दुर्बिणीची चाकं फिरवत बसावं लागत नाही.

आट्यांच्या वळशाची गोष्ट लहान कॅलिबरमध्ये जास्त गंभीर होते. बारा इंचांत एक वळसा असलेल्या .२२३ ला ५५ ग्रेनपर्यंतची गोळी मानवते, ७० च्या पुढची लांब गोळी त्यातून स्थिर सुटत नाही आणि कागदावर आडवी भोकं पाडते. अखंड तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते, म्हणून वजन बघून निर्धास्त होऊ नका.

तापमानाचीही तीच कथा. हायवेल्डवरच्या (दक्षिण आफ्रिकेतलं उंच पठार) जुलैतल्या थंड सकाळी जुळवलेलं, कमाल दाबाच्या जवळ नेलेलं काडतूस नामिबियातल्या ऑक्टोबरच्या उन्हात बक्कीच्या (पिकअप गाडीच्या) डॅशबोर्डवर पडून राहिलं की बोल्ट उघडताना हात मारावा लागतो. छोट्या कुरंगासाठी कमाल वेगाची गरजच नाही, तेव्हा भरपूर मोकळीक ठेवायला सांगा.

अर्ध्या इंचाचे गट दाखवून जास्त पैसे मागणारे लोडर भेटतील. दीडशे मीटरच्या आत, तिपाई काठीवरून मारताना त्या अचूकतेचा तुम्हाला काही उपयोग नाही. शंभर मीटरवर तीन-चार सेंटिमीटरचा गट पुरे. पैसे गोळीवर घाला.

आधी वीसच मागवा

पूर्ण ऑर्डर देण्याआधी प्रत्येक प्रकारची वीस काडतुसं नमुना म्हणून घ्या आणि आपल्याच रायफलमधून मारा.

पहिली तपासणी गोळीबाराआधीची. प्रत्येक काडतूस मॅगझीनमधून नळीत जातं का, बोल्ट अडखळत नाही ना, ते रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला धरून बघा. चपट्या नाकाची सॉलिड काही रायफलींत वर चढताना अडकते. ज्या रायफलमध्ये म्हशीच्या वेळीही तीच सॉलिड लागणार आहे तिथे हे खपवून घेऊ नका.

मग धक्क्याची परीक्षा. मॅगझीनमधल्या तळाच्या काडतुसाची लांबी मोजून ठेवा, वरची तीन मारा आणि तळाचं बाहेर काढून पुन्हा मोजा. जोरदार धक्क्याने न आवळलेली गोळी खोक्यात आत सरकते, आणि मिलिमीटरभर फरक दिसला तरी माल परत.

मारलेली खोकी बघा. टोपी (बुडातला ठिणगी देणारा भाग) पूर्ण चपटी होऊन कडेपर्यंत पसरली असेल, बुडावर चकचकीत गोल ठसा उमटला असेल किंवा बोल्ट जड उघडत असेल, तर दाब जास्त आहे. तिथेच थांबायचं.

भिजल्या वर्तमानपत्रांची चाचणी घरगुती असली तरी फार शिकवते. जुन्या वर्तमानपत्रांचा साधारण पंधरा सेंटिमीटर जाडीचा गठ्ठा सुतळीने घट्ट बांधून रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी निथळून रेंजवर न्या, पुढे एक पुठ्ठा, मागे एक पुठ्ठा, आणि त्यामागे मातीचा भरभक्कम बांध. प्रत्येक गोळी तुम्ही ज्या अंतरावर शिकार करणार त्याच अंतरावरून मारा आणि मागच्या पुठ्ठ्यावरची भोकं शेजारी शेजारी ठेवून बघा. सॉलिडचं भोक गोळीएवढंच, कडा स्वच्छ. मध्यम वेगातल्या जोडीव गोळीचं दहा रुपयांच्या नाण्याच्या आसपास. वेगवान मऊ गोळीने पुठ्ठा मागे फाटून लोंबतो आणि गठ्ठ्याच्या मधली पानं लगद्यासारखी होतात. ओला कागद म्हणजे जिवंत शरीर नव्हे, आकडे तसेच्या तसे लागू होत नाहीत. पण दोन गोळ्यांत कुठली जास्त हिंसक ते लगेच समजतं. गठ्ठा जाड करू नका. दोन हात जाडीच्या गठ्ठ्यात सगळ्याच गोळ्या छान उमललेल्या दिसतात, आणि ती चाचणी ईलंडची होते, स्टीनबॉकची नाही.

झिरो

दुर्बीण नळीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर वर बसलेली असते. शंभर मीटरला झिरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी पडतील अशी जुळवलेली, .२२३ पंचवीस मीटरवर साधारण दोन सेंटिमीटर खाली मारते, दुर्बीण उंच बसवली असेल तर तीन. कुडूला याने काही फरक पडत नाही. डिकडिकवर, जिथे मारण्याची जागा तळहाताएवढीही नाही, तिथे पडतो. शंभरला झिरो करा आणि २५, ५०, १०० आणि १५० मीटरवर प्रत्येकी तीन गोळ्या कागदावर मारून काय होतं ते लिहून रायफलच्या दस्त्यावर चिकटवा.

उतरवलेल्या वेगाच्या काडतुसाला हे जास्तच लागू. .३०८ मध्ये १८०० फुटांची गोळी पूर्ण वेगाच्या गोळीपेक्षा शंभर मीटरवर दहा सेंटिमीटरच्या आसपास खाली पडते, कधी बाजूलाही सरकते. तेवढ्या फरकात गोळी छातीऐवजी पोटाखालून जाते.

सगळा सराव तिपाई काठीवरून करा, बाकावर वाळूच्या पिशव्यांवर नाही. आठ सेंटिमीटरचा कागदी गोल काठीवरून जितक्या अंतरावर पाचपैकी पाच वेळा लागतो, तितकंच तुमचं अंतर, काडतुसावर काहीही लिहिलेलं असो.

ओळखखूण, डबे आणि विमान

दोन प्रकारची काडतुसं दिसायला जवळपास सारखी असतात. सॉलिडच्या टोपीभोवती बारीक लाल नेलपॉलिशची रेघ ओढा, ती बुडाकडून लगेच दिसते. सॉलिड वेगळ्या खिशात, पट्ट्यावर ठरलेल्या बाजूला. सॉलिड गेम्सबॉकवर आणि मऊ गोळी डायकरवर, ही अदलाबदल घाईत होते आणि दोन्हीकडे महाग पडते.

विमानात काडतुसं कुलूपबंद, रायफलपासून वेगळ्या पेटीत, प्रवाशामागे एकूण पाच किलोपर्यंत नेता येतात. .३७५ ची काडतुसं जड असतात, शंभर घेतली की ती मर्यादा जवळ येते, म्हणून चाळीस मऊ आणि वीस सॉलिड हा पुरेसा साठा आहे. काही विमान कंपन्या सुट्या प्लास्टिक डब्यातली, लेबल नसलेली काडतुसं नाकारतात. लोडरकडून छापील लेबलचे डबे घ्या आणि कंपनीची लेखी परवानगी सोबत ठेवा.

दक्षिण आफ्रिकेत शिरताना पोलिसांचा एसएपीएस ५२० हा अर्ज भरावा लागतो आणि प्रत्येक बंदुकीमागे दोनशे काडतुसांची मर्यादा आहे, तीही फक्त त्याच बंदुकीच्या कॅलिबरची. अर्जावरचा रायफलचा क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक अक्षर न्‌ अक्षर जुळला पाहिजे.

भारतातून बंदूक नेण्या-आणण्याचे सोपस्कार इतके आहेत की तिथून जाणाऱ्याने आउटफिटरची रायफल भाड्याने घेणंच शहाणपणाचं. इशापूरच्या .३१५ वर हात बसलेल्याला .३०८ चा धक्का परका वाटणार नाही. मग काडतुसांचं काय? आउटफिटरला दोन महिने आधी लिहा, त्याच्या रायफलसाठी तिथलाच लोडर गाठायला सांगा आणि वरचा कागद त्याच्याकडे पाठवा. बहुतेकांकडे लहान कुरंगासाठी आधीच जुळवलेलं काही तरी असतं, ते मारून बघायला पहिल्या दुपारचा वेळ मागून घ्या.

रानात

गवताची काडीसुद्धा हलकी गोळी वळवते. झुडपातून वाट काढून मारू नका, जनावर मोकळ्यात येईपर्यंत थांबा, स्टीनबॉक बऱ्याचदा पळता पळता थांबून मागे बघतो. गोळी लागल्यावर जनावर पडलं तरी दुसरं काडतूस लगेच नळीत घ्या. क्लिपस्प्रिंगरला चार पाय धरून उचला, ओढू नका, ताडपत्रीवर ठेवून खाली आणा. कातडं काढताना ट्रॅकरशेजारी (माग काढणाऱ्याशेजारी) उभं राहून आत-बाहेरची दोन्ही भोकं बघा आणि अंतर, जागा, काय दिसलं ते लोडरला कळवा. पुढच्या वेळी तो वेग शंभर फूट कमी-जास्त करेल तो याच माहितीवर.

उरलेली काडतुसं ट्रॅकरला किंवा शेतमालकाला भेट म्हणून देऊ नका. त्या कॅलिबरच्या बंदुकीचा परवाना नसलेल्या माणसाजवळ ती सापडली तर दक्षिण आफ्रिकेत तो गुन्हा आहे, आणि अडकतो तो बिचारा. परतीच्या आदल्या दिवशी मोजा, परवान्यावरच्या आकड्यातून मारलेली वजा करा आणि राहिलेली सोबत घेऊन जा.